गंगाधरपंतांचे पानिपत

गंगाधरपंतांचे पानिपत ही खगोलशास्त्रज्ञ व लेखक जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांची मराठी विज्ञानकथा आहे. पानिपतच्या तिसऱ्या लढाईत मराठे विजयी झाले असते तर भारताचा इतिहास कसा घडला असता, ही कल्पना तिच्या मुळाशी आहे. पर्यायी इतिहास या साहित्यप्रकारातील ही मराठीतील एक परिचित कथा होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१४ जानेवारी १७६१ रोजी अहमदशाह अब्दालीच्या सैन्याने मराठ्यांचा पराभव केला. पेशव्यांचे पुत्र विश्वासराव गोळी लागून रणांगणावर पडले आणि त्यानंतर मराठी फौजेचा धीर खचला.

कथानक

पुण्यातील इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर निराळ्याच जगात पोहोचतात. तेथील मुंबई अद्याप इंग्रजांच्या ताब्यात असून ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार चालू असतो. प्रत्यक्षात कंपनीची भारतातील सत्ता १८५८ मध्येच संपुष्टात आली होती. ग्रंथालयात इतिहास चाळताना त्यांना उलगडा होतो, की या जगात विश्वासरावांना गोळी लागली नाही व मराठे जिंकले. विजयी मराठ्यांनी एकोणिसाव्या शतकात युरोपीय तंत्रविद्येचे महत्त्व ओळखून स्वतःची विज्ञानकेंद्रे उभारली आणि कंपनीचा विस्तार रोखला गेला. पुढे आझाद मैदानावरील सभेत अध्यक्षाची रिकामी खुर्ची पाहून पंत व्यासपीठावर चढतात आणि श्रोत्यांचा रोष ओढवून घेतात. आपल्या जगात परतल्यावर त्यांच्याजवळ पुरावा म्हणून बखरीचे एक फाटके पान उरते.

वैज्ञानिक आधार

अनुभवाचा अर्थ पंतांचे मित्र राजेंद्र देशपांडे लावतात. त्यासाठी ते दोन सिद्धान्तांचा आधार घेतात. आपत्ती सिद्धान्तानुसार निर्णायक क्षणी अल्पशा फरकानेही परिणाम पूर्णपणे पालटू शकतो. पुंजवादानुसार सूक्ष्म कणाचे वर्तन निश्चितपणे वर्तवता येत नाही. त्यावरून एकाच वेळी अनेक जगे संभवतात, अशी कल्पना मांडली जाते.

वैशिष्ट्ये

सुझॅना क्लार्क यांच्या ‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’ (२००४) या कादंबरीत एकोणिसाव्या शतकारंभीचे इंग्लंड जादूमुळे बदललेले दिसते. नारळीकरांच्या कथेत जादूची जागा भौतिकशास्त्र व गणित घेतात. पराभव अटळ होता काय, हा पानिपतविषयीचा जुना प्रश्न त्यामुळे नव्या रूपात पुढे येतो. तसेच बखरीतील मजकूर बदलला की इतिहासकाराचे ‘सत्य’ही बदलते, याकडे ही कथा लक्ष वेधते.

इंग्रजी रूपांतर

‘द ॲडव्हेंचर’ या नावाने तिचे इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या इयत्ता अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाले.