टेनिस शिकवायचं, पण नोकरी कोणती?

मैत्रिणींनो, अनसिंगची एखादी पोरगी म्हणाली, "मला कॉलेजात टेनिस शिकवायचंय," तर घरात पहिला प्रश्न येतो, यात पोट भरतं का? खरं सांगते, आपल्याकडच्या कॉलेजांत नुसत्या टेनिस कोचची कायम जागा सहसा नसते. जागा असते शारीरिक शिक्षण संचालकाची, आणि त्या बाईंना कबड्डीपासून धावण्यापर्यंत सगळंच सांभाळावं लागतं. त्यासाठी पदवीनंतर बी.पी.एड., मग एम.पी.एड.ला किमान ५५ टक्के, वर नेट, सेट किंवा पीएच.डी. शिवाय पळण्याची चाचणी: तिशीपर्यंतच्या बाईला ८ मिनिटांत १००० मीटर, चाळिशीपर्यंत ८००. म्हणजे लग्न-बाळंतपणानंतरही दार बंद होत नाही. हे सासरी आवर्जून सांगा! शिकायची सोय फार लांब नाही, अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. नुसतं प्रशिक्षकच व्हायचं असेल तर १९६१ साली पतियाळाला सुरू झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या डिप्लोम्याला मान आहे. क्लब, अकादमीत तो चालतो, पण कॉलेजातल्या त्या कायम जागेसाठी एकटा पुरत नाही. फी भरण्याआधी पोरीला हा फरक समजावून सांगा.