सूक्ष्म कवचातील औषध : नॅनो तंत्रज्ञान आणि आपला रुग्णसाहाय्य निधी

२०२१ च्या उन्हाळ्यात कोविडपाठोपाठ म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले, तेव्हा आमच्या औषध विभागाच्या खिडकीशी नातेवाईक एकच प्रश्न विचारीत : “दोन्ही इंजेक्शनांवर अॅम्फोटेरिसिन-बी हेच नाव आहे, मग एकाची किंमत दुसऱ्याच्या कित्येक पट का?” त्या धावपळीत आम्हांस समाधानकारक उत्तर देता आले नाही. निधीतील मोठी रक्कम या औषधावर खर्च झाल्याने देणगीदारांनाही हे उत्तर देणे आम्ही कर्तव्य समजतो.

मूळ औषध १९५० च्या दशकातील. ते बुरशीचा नाश करते. परंतु मूत्रपिंडांनाही इजा पोहोचविते. त्यामुळे मात्रा वाढविण्यास मर्यादा येते. यावरील मार्ग प्रयोगशाळेत सापडला. इंग्लंडमधील केंब्रिजजवळच्या बाब्राहम येथे अॅलेक बँगहॅम यांना १९६० च्या दशकात दिसून आले की, विशिष्ट स्निग्ध पदार्थ पाण्यात मिसळताच त्यांच्या पोकळ पुटिका आपोआप तयार होतात. त्यांनाच ‘लायपोसोम’ म्हणतात. औषधासाठी वापरल्या जाणाऱ्या काही पुटिकांचा व्यास १०० नॅनोमीटरहूनही कमी असतो. एका मिलिमीटरमध्ये असे १० लाख नॅनोमीटर मावतात. पुटिकेच्या भिंतीत औषध गुंफले की मूत्रपिंडांवरील आघात कमी होतो आणि मात्रा वाढविता येते.

दिल्ली विद्यापीठातील प्रा. बी. के. बच्छावत आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या संशोधनातून असे भारतीय औषधही विकसित झाले, ही अभिमानाची बाब होय.

आता हिशेब पाहू. म्युकरमायकोसिसमध्ये सामान्यतः दर किलो वजनामागे दररोज ५ मिलिग्रॅम मात्रा देतात. ६० किलो वजनाच्या रुग्णास ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या ६ कुप्या रोज लागतात. आणि उपचार कित्येक आठवडे चालतो. एकसारख्या आकाराच्या निर्जंतुक पुटिका बनविणेही खर्चिक असते.

हे औषध सर्वस्वी निर्धोक नाही. मूत्रपिंडांची तपासणी करावीच लागते आणि बहुधा शस्त्रक्रियाही टळत नाही. तथापि, केवळ पैशाअभावी कोणास अधिक अपायकारक औषध घ्यावे लागू नये, यासाठीच हा निधी आहे. ताळेबंदात तो खर्चाच्या बाजूस दिसतो. वाचलेल्या मूत्रपिंडांसाठी तेथे रकाना नसतो.