कोपरा आणि मध्य: कबड्डीतील बचावाच्या जागांचे मोल

मैदान आणि साखळी

धानाची मळणी आटोपली की गोंदिया जिल्ह्यातील गावोगावी कबड्डीच्या स्पर्धा रंगू लागतात. पुरुषांच्या मैदानाचा प्रत्येक अर्धा भाग साडेसहा मीटर खोल असतो. त्यात सात बचावपटू उभे राहतात: दोन टोकांना कोपरारक्षक, त्यांच्यालगत दोन ‘इन’ आणि मधल्या तिघांत दोन्ही बाजूंचे मध्यरक्षक, म्हणजेच कव्हर. हात धरून केलेल्या या साखळीत कोणतीही जागा स्वतंत्र नसते.

कोपरारक्षक

मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर, तर बोनस रेषा ४.७५ मीटरवर असते. निदान रेषा ओलांडणे किंवा गडी टिपणे चढाईपटूला भागच असते. बोनस हवा असेल तर त्याला आणखी मीटरभर आत यावे लागते. एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवायचा आणि त्याच क्षणी मागचा पाय हवेत ठेवायचा. म्हणजे सारा भार एकाच पायावर येतो. कोपरारक्षक त्याच पायाच्या घोट्यावर झेप घेतो. क्षणभर आधी झेपावला तर चढाईपटू त्याला चकवून गुण नेतो, क्षणभर उशीर झाला तर पाय निघून जातो. जोखीम सर्वाधिक आणि संधीही सर्वाधिक असल्यामुळे पकडीचे गुण मिळवणाऱ्यांत कोपरारक्षक पुढे दिसतात. प्रो कबड्डीत मनजीत छिल्लरचा पकडीच्या गुणांचा विक्रम मागे टाकणारा इराणचा फझल अत्राचली हा डावा कोपरारक्षकच.

मध्यरक्षक

घोटा धरला म्हणजे पकड पूर्ण झाली असे नाही. उंचापुरा चढाईपटू पुढे झेपावला की शरीर आणि हात मिळून दोन मीटरांहून अधिक अंतर कापतो. मध्यरेषेपर्यंतचे उरलेले अंतर तो बचावपटूला ओढत नेऊन भरून काढू शकतो. ही झेप छातीवर रोखणे, कमरेला मिठी घालणे किंवा धडक देऊन त्याला मैदानाबाहेर घालवणे हे मध्यरक्षकाचे काम. २०१५ मध्ये प्रो कबड्डीत विजेत्या ठरलेल्या यू मुम्बा संघात सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर कोपऱ्यांत होते, तर जीवा कुमार आणि विशाल माने मध्यात. त्या बचावाची ताकद या चौघांच्या मेळात होती. केवळ कोपऱ्यांच्या जोडीचे कौतुक अपुरे ठरते.

संख्या घटली की

बोनस गुण मैदानात किमान सहा बचावपटू असतानाच मिळतो. पाच उरले की चढाईपटूला खोलवर यावेच लागत नाही, घोटा सहजी हाती लागत नाही आणि पुढे सरकून वाट अडवणाऱ्या मध्यरक्षकाचे मोल वाढते. तीन किंवा त्याहून कमी उरले तर यशस्वी पकडीला दोन गुण मिळतात. तेव्हा जागांच्या सीमाच पुसट होतात. बाद झालेले गडी बाद झाल्याच्या क्रमानेच परततात. त्यामुळे हवा तो कोपरारक्षक हवा तेव्हा मागे आणता येत नाही, आणि त्याची एक अनाठायी झेप संघाला पुढच्या कित्येक चढायांत जाचते.

आकड्यांची मर्यादा

पकडीचा गुण प्रामुख्याने ती सुरू करणाऱ्याच्या नावावर लागतो. साथ देणारा मध्यरक्षक त्या आकड्यात दिसत नाही. ज्याच्या धाकाने चढाईपटू त्या बाजूला फिरकतच नाही, त्याचीही नोंद कुठे होत नाही. महिलांचे मैदान १२ बाय ८ मीटरचे, म्हणजे अधिक अरुंद. तेथे मधून कोपऱ्यापर्यंतची मदत लवकर पोहोचते. म्हणून पुरुषांच्या सामन्यांतून काढलेली जागांची क्रमवारी तेथे जशीच्या तशी लावता येत नाही.