सेटलमेंटमधली मुलं

सोलापुरात आजही रिक्षावाल्याला 'सेटलमेंट' म्हटलं की तो बरोबर नेऊन सोडतो. हे नाव १८७१पासून सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्यांच्या काळातलं आहे. 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना इथे कोंडलं जाई: काटेरी तारेचं कुंपण, ठरल्या वेळी हजेरी, बाहेर पडायला पास. पारधी, कैकाडी, भामटे जन्मतःच संशयित! याच कायद्यांनी पुढे सरकारला मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळेत टाकण्याचा अधिकार दिला होता. मूल चुकलं म्हणून नव्हे, त्या घरात जन्मलं म्हणून. ३१ ऑगस्ट १९५२ला हे कायदे देशभरातून गेले. पाठोपाठ 'सराईत गुन्हेगार' कायदे आले. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी १३ फेब्रुवारी २००८ला तिथल्या सरकारांनी अशाच आईबापांकडून हिरावलेल्या आदिवासी मुलांची संसदेत माफी मागितली. तशी माफी सेटलमेंटमधल्या आयांनाही हवी होती, वेळेत.