गोळ्यांच्या पट्टीमागचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्यातल्या बेंबळा धरणाकडच्या गावातून एखादी म्हातारी बीपीच्या गोळ्यांसाठी बाभुळगावच्या ग्रामीण रुग्णालयात येते. केसपेपर काढते, दंडाला पट्टा बांधून घेते, खिडकीवरून गोळ्या घेऊन पदराच्या गाठीत बांधते. 15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत याला पैसे पडत नाहीत. पण त्या गोळ्यांचं बिल सरकारच्या कोणत्या ना कोणत्या लेखाशीर्षातून गेलेलंच असतं. तिथं किती रक्कम ठेवायची, हे ठरतं कसं?

जितके आजारी तितका खर्च, असं वाटतं. तसं नसतं. विकसनशील देशांत खर्च वाढतो तो मुख्यतः तिजोरीत भर पडली की. करवसुली चांगली, तर दवाखान्याच्या वाट्याला चार पैसे जास्त. अर्थात, पैसा आहे म्हणून तो आरोग्याकडे वळेलच असं नाही. राज्यांनी 2020 पर्यंत अर्थसंकल्पाच्या 8 टक्क्यांहून जास्त रक्कम आरोग्यावर खर्चावी, असं 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात म्हटलं होतं. महाराष्ट्रासारखं सधन राज्यही त्याच्या बरंच खाली राहिलं.

खरी गोम मंजूर पदांत आहे. सपाटीच्या भागात 30 हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, झरी-जामणीसारख्या आदिवासी भागात 20 हजारांमागे एक. केंद्र मंजूर झालं की आकृतिबंध, म्हणजे पदांचा आराखडा येतो, डॉक्टर-नर्सची पदं येतात आणि त्यांचे पगार दरवर्षी ठरलेलेच. नवा अर्थसंकल्प मागच्या वर्षीच्या खर्चाकडे बघत मांडला जातो. आता पद रिकामं राहिलं तर? पगार निघत नाही, निधी मार्चअखेर परत जातो, आणि पुढच्या वर्षीच्या तरतुदीला कात्री लागण्याची भीती असते. म्हणजे जिथं डॉक्टरच नाही, ते गाव कागदावर स्वस्तात चाललेलं दिसतं!

तिसरा धागा दिल्लीचा. राष्ट्रीय आरोग्य अभियानात 2015-16 पासून केंद्राचे 60, राज्याचे 40. राज्याने आपले 40 घातले नाहीत तर समोरचे 60 अडतात, म्हणून अशा योजनांना राज्य सहसा हात आखडता घेत नाही. अट नसली की वेगळंच घडतं. परदेशी मदत घेणाऱ्या देशांचा अभ्यास 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. सरकारला आरोग्यासाठी मदत मिळाली की सरकार स्वतःचा खर्च कमी करतं, असं त्यात दिसलं. माहेरून गव्हाचं पोतं आलं की घरधनी किराणा कमी भरतो, तसलाच प्रकार.

त्यात पिशव्याही वेगवेगळ्या. प्राथमिक केंद्र जिल्हा परिषदेचं, ग्रामीण रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं, तर यवतमाळचं वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण खात्याचं. रोगी एकच, पण पुढे पाठवला की खातं बदलतं.

आणि शेवटी ओरड: जिथं आवाज होतो, तिकडे सरकारचं लक्ष वळतं. 2017 मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात 20 वर शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा यवतमाळच्या त्या महाविद्यालयाच्या वॉर्डाकडे सगळ्या राज्याचं लक्ष गेलं. विशेष पथकाकडे चौकशी दिली, मृतांच्या कुटुंबांना मदत जाहीर झाली. बीपी वाढलेली म्हातारी मात्र ओरडत नाही. गोळ्या संपल्या की ती पुन्हा एसटीने येते आणि खिडकीवर जुना केसपेपर सरकवते.