पाट्यांवरची जिप्सी आणि कॉइलवरची जिम्नी

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली, कोलारा, नवेगाव या प्रवेशद्वारांवर वर्षानुवर्षे दिसत आलेली मारुती जिप्सी सुझुकीच्या एसजे ४१० या गाडीवर बेतलेली असून भारतात ती १९८५च्या अखेरीस आली. ९७० सीसीचे मूळ इंजिन जाऊन १९९६मध्ये १,२९८ सीसीचे इंजिन आले, चाकांमधील रुंदी तर त्याआधीच, १९९३मध्ये, वाढली होती. मात्र पुढेमागे अखंड ॲक्सल आणि त्याखाली पोलादी पाटे ही रचना उत्पादन थांबेपर्यंत बदलली नाही. त्याच कुळातील जिम्नी २०२३मध्ये भारतीय बाजारात आली ती कॉइल स्प्रिंगांवर, आणि जुन्या जिप्सीखाली जिम्नीचे मागचे सस्पेन्शन बसेल का, हा प्रश्न त्यामुळे साहजिकच पुढे येतो. परदेशांतील हौशी मालकांनी एसजे मालिकेतील जुन्या गाड्यांखाली जिम्नीचे ॲक्सल बसवलेही आहेत. पण असा बदल म्हणजे केवळ स्प्रिंगांची अदलाबदल नव्हे.

पाटे, म्हणजे एकावर एक रचून मध्ये सेंटर बोल्टने आवळलेल्या बाकदार पोलादी पट्ट्या, एकाच वेळी दोन कामे करतात. पहिले काम भार पेलण्याचे. पट्टीची जाडी दुप्पट केली तर तिचा ताठरपणा आठपट होतो, म्हणून एका जाड पट्टीऐवजी अनेक पातळ पट्ट्या वापरल्या, तर जुडगा भार पेलण्याइतका बळकट राहूनही पुरेसा वाकतो, आणि पट्ट्यांच्या परस्परघर्षणाने उसळीही काहीशी शमते. दुसरे काम ॲक्सलला जागेवर धरून ठेवण्याचे. पाट्याचे एक टोक चासीला थेट जोडलेले, तर दुसरे शॅकल नावाच्या झुलत्या कडीतून अडकवलेले असते, कारण दबताना पाटा लांबतो आणि त्या लांबण्याला जागा लागते. मधला भाग यू-बोल्टांनी ॲक्सलला आवळलेला असल्याने ॲक्सल पुढे, मागे वा आडवा सरकू शकत नाही.

कॉइल स्प्रिंग यांतले पहिलेच काम करते. त्यामुळे जिम्नीत ॲक्सलला चासीशी जोडणारे दोन लांब दांडे, आणि तो आडवा सरकू नये म्हणून तिसरा आडवा दांडा, अशी तीन दुव्यांची रचना आहे. पाट्यांतील घर्षण येथे नसल्याने चाक लहान खड्ड्यांनाही चटकन प्रतिसाद देते, मात्र उसळी शमवण्याची जवळजवळ सगळी जबाबदारी शॉक ॲब्सॉर्बरवर येते.

जिप्सीच्या चासीवर ही रचना उतरवताना पहिला अडथळा येतो तो चासीचाच. पाटे गाडीचा भार ॲक्सलच्या पुढे आणि मागे, दोन ठिकाणी वाटून चासीवर टाकतात. कॉइल तोच भार ॲक्सलच्या वर एकाच ठिकाणी टाकते, जेथे मूळ आराखड्यात तेवढे बळ दिलेले नसते, आणि आडव्या दांड्याची खेच सोसणारा कंसही तेथे नसतो. दुसरा अडथळा मापांचा आहे. जिम्नीच्या मागच्या चाकांमधील अंतर जिप्सीपेक्षा सुमारे ९५ मिलिमीटरने अधिक असल्याने फक्त मागचा ॲक्सल बदलल्यास पुढची व मागची चाके एका चाकोरीत राहत नाहीत. तिसरा अडथळा सर्वांत महत्त्वाचा आहे. चारही चाकांना ताकद देताना पुढच्या आणि मागच्या क्राउन-पिनियनचे, म्हणजे ॲक्सलमधील दातेरी चक्रांच्या जोडीचे, गुणोत्तर सारखेच असावे लागते; ते वेगळे असल्यास पुढची-मागची चाके एकमेकांशी झगडतात आणि गिअर, शाफ्ट वा टायर यांपैकी काहीतरी झिजते किंवा तुटते. याखेरीज शाफ्टचा कोन, हँडब्रेकच्या तारा आणि ब्रेकच्या नळ्यांची लांबी हेही नव्याने जुळवावे लागते.

जंगल सफारीत आणखी एक हिशेब येतो. सहा पर्यटक, मार्गदर्शक आणि चालक अशा आठ जणांचे वजन सरासरी ६५ किलोने धरले तरी ५२० किलो होते, म्हणजे एक टनाच्या आसपास वजनाच्या गाडीवर निम्म्याहून अधिक भार; त्यातला बराचसा मागच्या ॲक्सलवर, आणि तोही उंचावलेल्या बाकांवर. मऊ कॉइल या भाराने खाली बसते आणि वळणावर गाडी अधिक कलते. तेवढी ताठ कॉइल घातली, तर ज्या मऊपणासाठी खटाटोप केला तोच हातचा जातो. पाट्यांतही दोष आहेत. मुरूम आणि चिखल पट्ट्यांमध्ये शिरून त्या गंजतात आणि आखडतात. गडचिरोलीत भामरागडकडे जाताना नदीनाल्यांच्या पाण्यातून जावे लागणाऱ्या गाड्यांत तर हे विशेष जाणवते. तरीही तुटलेली एक पट्टी तालुक्याच्या गावी बदलून मिळू शकते, तर घरगुती वेल्डिंगने जोडलेला दांड्याचा कंस रानात निखळल्यास ॲक्सलच मोकळा होतो.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. पर्यटकांची भाड्याने वाहतूक करणाऱ्या गाडीला फिटनेस तपासणीस सामोरे जावे लागते, तेथे मूळ चासीवरील नवे वेल्डिंग प्रश्न उभे करू शकते.

त्यामुळे सफारीच्या जिप्सीसाठी शहाणपणाचा मार्ग पाट्यांमधूनच जातो. पट्ट्या वेगळ्या करून साफ करणे, सपाट झालेल्या पट्ट्या बदलणे, शॅकल आणि बुश नवे घालणे, आणि भारास साजेसे शॉक ॲब्सॉर्बर बसवणे एवढ्यानेही धक्क्यांचा बराच त्रास कमी होतो. कॉइलचा आराम ज्याला हवाच असेल, त्याच्यासाठी संपूर्ण चासीच तिच्याभोवती आखलेली जिम्नी उपलब्ध आहे. तिचा मागचा भाग उचलून आणला, तरी ती आखणी त्याच्याबरोबर येत नाही.