दगड गोल का होतो?

भूगर्भशास्त्राची सहल म्हटली की घाटातच जायला हवे, असा आपल्याकडे समज आहे. औशासारख्या ठिकाणी त्याची गरज पडत नाही. सकाळी भुईकोट किल्ल्यापासून निघावे, खंदकाच्या कडेने गावाबाहेर पडावे आणि पाणंदीने शिवारात चालत राहावे. आम्ही काही शिक्षकांबरोबर अशी फेरी केली, तेव्हा सगळा दिवस एकाच प्रश्नात गेला. किल्ल्याचा आणि बांधावरचा दगड एकच, काळा बेसॉल्ट. मग एक चौकोनी आणि दुसरा गोल कसा?

चौकोनी दगड पाथरवटाने घडवला. गोल दगडाची गोष्ट लांबची आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनभर लाव्हाचे थर पसरले. थंड होताना ते आकसले, भेगा पडल्या आणि दगडाचे ठोकळे झाले. पावसाचे पाणी या भेगांत मुरते. ठोकळ्याच्या सपाट बाजूवर ते एकाच दिशेने काम करते, कडेवर दोन आणि कोपऱ्यावर तीन दिशांनी. म्हणून कोपरे आधी झिजतात. एखाद्या विहिरीच्या खोदाईत काळ्या मातीखालच्या मुरमात पाहा: कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले धोंडे दिसतील. वर्गात खडीसाखरेचा टोकदार खडा पाण्यात ठेवून कोपऱ्यांचे हे गणित दाखवता येते. (साखर नुसती विरघळते, दगडातल्या खनिजांची मात्र माती होते, एवढा फरक मुलांना सांगावा.)

हे धोंडे फुकट मिळतात, त्यामुळे जुन्या घरांच्या जाड भिंती त्यांच्याच. बाहेरून एक थर, आतून एक, मध्ये चिपा आणि माती. वर लाकडी तुळयांवर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात असे घर गार राहते. पण ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे याच औसा तालुक्यातल्या किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा झोपेतली हजारो माणसे अशाच घरांखाली गेली. गोल दगड खालच्या दगडावर जेमतेम टेकतो, आणि मातीची पकड ती किती! हादऱ्याने भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले, फुगले, ढासळले. माळवद खाली आले. भिंत जाड म्हणजे भक्कम, हा समज मोठ्यांच्याही मनात पक्का असतो. पण वस्तू जितकी जड, तितके तिच्यावर भूकंपाचे बलही जास्त. पातळ पण नीट बांधलेली भिंत अशा वेळी बरी.

शाळेत परतल्यावर एका पाटावर विटांचे तुकडे आणि दुसऱ्यावर बटाटे रचून दोन्ही पाट सारखेच हलवावेत. दोन थर एकत्र धरायचे तर मधूनमधून भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड हवा. फेरीत एखादी पडकी भिंत दिसली, तर दुरूनच तिची तुटलेली बाजू न्याहाळावी. दोन थर आणि मधली माती स्पष्ट दिसते. आरपार गेलेला दगड मात्र आम्हाला दिवसभरात एकच सापडला.